दाराआडच्या म्हातारीसाठी धपाटे

माझी बायको टीव्हीशी बोलायची. बातम्यांशी नाही, पिच्चरशी नाही, एकाच मालिकेशी.

मालिका हसायची होती. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की लागायची. एक भोळा कारकून, त्याची फटकळ बायको, बायकोचा आयतोबा भाऊ, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, ज्याला दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय भाकर पचत नाही. दोन खोल्यांचं घर. सगळा गोंधळ बाहेरच्या खोलीत. आतल्या खोलीला हिरवं दार, आणि त्या दाराआड कारकुनाची म्हातारी आई. ती कधीच दिसली नाही. मालिका कितीतरी वर्षं चालली, संपली, पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागले, पण म्हातारीचं तोंड कुणाला दिसलं नाही. नुसता आवाज. दारावरची चिमणीच्या आवाजाची बेल वाजली की ती आतून विचारायची, "कोण आलंय गं?" बाहेरचं कुणी उत्तर द्यायचं नाही. हसायचं तेच होतं. चोर आला तरी ती विचारायची, पोलीस आला तरी विचारायची, आणि टीव्हीतली माणसं खो खो हसायची.

माझी बायको तिथं हसायची नाही. बाकी सगळ्याला हसायची, पदराचा बोळा तोंडात कोंबून. पण म्हातारीनं विचारलं की आमच्या उमरीच्या घरातून ही उत्तर द्यायची, "मी हाय आत्या, उठू नका."

भाकरी थापत असली तर थापता थापता. पाहुणे बसलेले असले तर पाहुण्यांसमोर. मला लाज वाटायची, पण सांगून उपयोग नव्हता.

ती सवय कुठली ते मला माहीत होतं. माझी आई शेवटची वर्षं आतल्या खोलीत पडून होती. बाहेर कडी वाजली की विचारायची, कोण आलंय गं. आणि ही चुलीपासून ओरडायची, मी हाय आत्या, उठू नका. उठणार कुठून, कंबरेतून गेलेली बाई. पण ही असं म्हणायची जसं काय म्हातारी आता पळतच येणार. माझी आई त्यावर खूष असायची. आई गेली आणि मग हिला टीव्हीत दुसरी सासू भेटली.

"त्या खोलीत पंखा तरी हाय का वो?" एकदा जेवताना तिनं विचारलं.

"कुठल्या खोलीत?"

"म्हातारीच्या. खिडकी बी दिसत न्हाई त्या अंगाला. उन्हाळ्यात काय करत आसंल."

"नाटक हाय ते. आत कुणी न्हाई."

"कुणी न्हाई तर बोलतंय कोण? कुणीतरी बाई बसूनच बोलत आसंल ना."

कधी म्हणायची, आज म्हातारीचा आवाज बसलाय, सर्दी झालीय. कधी म्हणायची, आज दुसरीच कोणीतरी बोलली. मी म्हणायचो, तुझे कान गेलेत. ती म्हणायची, माझे गेले आसतील, पण तुमचे आलेच कधी होते. जन्म जिनिंगमध्ये गेला माझा, सरकी आणि रुईच्या गदारोळात.

मग ती गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला. कशानं गेली असं लोक विचारतात. मी सांगतो, गेली. कारण सांगून ती उठून बसणार हाय का.

दहावा गोदावरीवर केला. पिंड मांडले आणि आम्ही सगळे मागं सरून उभे राहिलो. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली येईना. एक तर पाठ करून बसला. भटजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असंल, सांगा कबूल करून. पोरगा पुढं झाला, म्हणाला, आई, बापाला मी सांभाळतो. कावळा हलला नाही. सून म्हणाली, नातीला शिकवते हवं तेवढं. नाही. भावकीतला एक जण म्हणाला, वहिनी, शेताच्या धुऱ्याचं भांडण मिटवतो. त्याच्यावर तर कावळ्याचा विश्वास बसायचं कारणच नव्हतं. ऊन चढलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कावळा शिवला नाही की माणसं मेलेल्या माणसाविषयी काय काय बोलतात ते मी जन्मभर ऐकलंय. माझ्या बायकोविषयी तसलं कुणी बोलावं हे मला चालणार नव्हतं.

मी पुढं गेलो. हळूच म्हणालो, "बरं, जातो मी. त्या म्हातारीला बघून येतो. पंखा हाय का न्हाई ते बी बघतो."

मागं सरायला पाऊल उचललं तोवर कावळा पिंडावर.

मी देवधर्मातला माणूस नाही. कावळ्याला भूक लागली असंल. पण बोल दिला तो दिला. आणि माझं नशीब असं की तो बोल एका माणसानं ऐकला. माझ्या मागं माझी मेव्हणी उभी होती. बायकोची धाकटी बहीण, उदगीरला दिलेली, जिभेला हाड नसलेली. घाटाच्या पायऱ्या चढताना माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "दाजी, कावळ्याला फसवायचं नसतंय बरं का."

"फसवलं कोणी?"

"मग कधी चाललाव?"

कधी चाललो. कुठं चाललो. मुंबईला कुठंतरी ते घर असणार, नाहीतर मोडूनही टाकलं असणार. पोराला विचारलं असतं तर त्यानं मला डॉक्टरकडं नेलं असतं. मी कुणाला बोललो नाही. पण टीव्हीवर ती मालिका लागायची, सूनबाई बघायची, आणि आतून म्हातारी विचारायची. आमच्या घरात आता तिला उत्तर देणारं कुणी नव्हतं. मी त्या वेळेला बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागलो.

मेव्हणीचा दर थोड्या दिवसांनी फोन. दाजी, जेवलाव का. दाजी, गुडघा कसा हाय. आणि फोन ठेवताना, "ते कावळ्याचं ध्यानात हाय ना?"

मग एक दिवस फोन आला आणि ती पहिलं वाक्यच बोलली, "दाजी, म्हातारी लातूरला आलीय."

मला वाटलं आमच्या नात्यातली कोणी.

"त्या शिरेलीतलं घर लातूरला उभं केलंय. मोबाईलवर दाखवायलेत. जसंच्या तसं घर, आत जाऊन बसायचं, सगळ्याला हात लावायचा. लोक फोटो काढायलेत तिथं. हिरवं दार बी हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकायलाव का? घर लातूरपातुर चालून आलंय, आता पाय तुम्ही उचला."

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमच्या घरातली रीत. माझी बायको शेजारी हळद मागायला गेली तरी पदरात चार शेंगा घेऊन जायची. म्हाताऱ्या माणसाला भेटायला जायचं तर मऊ काहीतरी न्यावं. सून म्हणाली, बाबा, मी करून देते. मी म्हणालो, बोल माझा हाय तर हात बी माझेच लागतील. ज्वारीचं पीठ, थोडं गव्हाचं, थोडं डाळीचं, लसूण, मिरची, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचे. हिला थापताना मी रोज बघत होतो. बघणं आणि थापणं यात फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. पहिले दोन फडक्याला चिकटून बसले. बाकीचे झाले, पण गोल म्हणवत नाही. दह्याची चटणी सुनेनं करून दिली, तेवढं मी चालवून घेतलं.

नांदेडहून एसटी धरली. डबा मांडीवर ठेवला. शेजारचा माणूस अहमदपूर येईस्तोवर डब्याकडं बघत होता, लसणाचा वास सुटला होता. शेवटी त्यानं विचारलं, कुणासाठी. मी म्हणालो, म्हाताऱ्या बाईसाठी. बरं नाही का त्यांना? मी म्हणालो, तेच बघायला चाललोय.

लातूरच्या स्टँडवर मेव्हणी उभी होती. नवं लुगडं, डोळ्याला काळा चष्मा, मोतीबिंदूचा. डब्याचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "हे धपाटे हायत का तळवे कापून आणलेत चपलेचे?"

"तुझ्यासाठी न्हाईत."

"माझ्या अक्कानं हे बघितलं आसतं तर ती परत मेली आसती."

असं फक्त तीच बोलू शकते. बहिणीच्या मरणावर असं बोलायची तिला आणि मला दोघांनाच मुभा आहे.

हॉल मोठा होता, बाहेर कापडी कमान, रांगेत पोरंपोरी, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, आमच्या वयाची माणसंही बरीच. दारावर पहाऱ्याला एक आडदांड गडी. त्यानं डब्याला हात लावला.

"आजोबा, खायचं आत न्हाई नेता येत."

"मी खायला नेत न्हाई. द्यायला नेतोय."

"कुणाला?"

"आतल्या म्हातारीला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मेव्हणी मध्ये तोंड घालणार होती, मी तिला हातानं थांबवलं. म्हणालो, "हे बघ बाबा, मला ठाऊक हाय ते नाटक हाय. माझ्या बायकोला ठाऊक न्हवतं. ती गेली. तिच्या नावानं मी बोललोय म्हातारीला भेटतो म्हणून. रिकाम्या हातानं भेटू का?"

मागं रांग थांबली होती. गड्यानं डब्याचा वास घेतला. "आमची माय बी बघायची हे," म्हणाला. "न्या. पण आत झाकण उघडू नका, कार्पेटला तेल लागतंय. माझी नोकरी जाईल."

मी त्याला शब्द दिला. त्या वर्षात मी शब्द देतच सुटलो होतो.

आत गेलो आणि थबकलो. मी मनात धरून चाललो होतो, पुठ्ठ्याचं काहीतरी असंल, जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्यासारखं. ते घर होतं. खरं घर. मालिकेत दिसायचा तोच लाकडी उंबरा, त्याच्यावर तोच खिळा, ज्याच्यात आयतोबा मेव्हण्याचं धोतर अडकायचं. चौकटीला तोरण, जुनं, धूळ बसलेलं. शेजारी बेल.

मी चपला काढल्या.

काढल्या म्हणजे कोणाच्या घरात आपण चपला घालून जातो का. मेव्हणीनंही काढल्या. आमच्या मागच्या बाईनं काढल्या, तिच्या लेकरांनी काढल्या, मग जो येईल तो काढायला लागला. जरा वेळानं बघतो तर उंबऱ्यासमोर लग्नघरासारखा चपलांचा ढीग. गळ्यात ओळखपत्राची दोरी घातलेला एक चष्मेवाला पळत आला. "अहो, चपला काढायच्या नाहीत, हा सेट आहे, फोटोत चपला येतायत." एक बाई त्याला म्हणाली, मग बाजूला मांडून ठेव की. त्यानं एकदा लोकांकडं बघितलं, एकदा ढिगाकडं, आणि खरंच वाकून मांडायला लागला. मला तो माणूस आवडला.

घराचं मी काय सांगू. चुलीच्या, म्हणजे गॅसच्या वर भिंतीला धुराचा डाग होता. तो रंगानं काढलेला. मी बोट लावून बघितलं, बोटाला काळं लागलं नाही, तेव्हा कळलं. कोपऱ्यात ओल आलेली, पोपडे निघालेले, तेही रंगाचेच. दाराच्या कडेला जिथं रोज हात लागतो तिथं तेलकट झालेलं. मेव्हणीला म्हणालो, ज्यानं हे रंगवलं तो माणूस घरात राहिलेला माणूस हाय. आम्ही रंग देऊन डाग लपवतो, या गड्यानं रंग देऊन डाग उमटवले, आणि असे उमटवले की मला माझ्या घराचा वास आला. मांडणीवर डबे ओळीनं. मी साखरेचा उघडला, मला रिकामा वाटला होता. भरलेला होता. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं की या घरातला चहा खराच करायचे आणि खराच प्यायचे, म्हणून साखर खरी. मी चौथीपर्यंत शिकलोय, पाटी वाचायला वेळ लागतो, पण सगळ्या पाट्या वाचल्या. त्यातली एकही खोटी मोठेपणाची नव्हती. बादली कुठून आणली, पलंगाचा पाय कसा निसटवायचे, सगळं साधं लिहिलेलं.

पलंगावर बसलं की पाय निसटतो आणि माणूस जमिनीवर. लोक रांग लावून पडत होते. वर्दीतला एक पोलीस पडला आणि उठून पुन्हा रांगेत लागला.

एका खांबाला लाल बटन होतं. दाबलं की मालिकेतलं ते हसणं ऐकू यायचं, एकदम शेकडो माणसं हसल्यासारखं. मेव्हणीच्या हाताला त्या दिवशी शस्त्रच मिळालं. ती बटनापासून हलेना.

"दाजी, पलंगावर बसा की. का आधीच निसटलाव?" बटन. सगळं घर हसलं.

"दाजींनी धपाटे केलेत, कुणाला दार बसवायचं आसंल तर घ्या." बटन.

लोकही हसायला लागले, बटनाशिवाय. एका बाईनं तिला विचारलं, तुम्ही मालिकेतल्या का? ती म्हणाली, "न्हाई, मी यांच्या बायकोची बहीण. काम तेच करते."

मला राग आला नाही. मला बरंच वाटत होतं. मला तिथल्या तिथं वाटलं की हिची अक्का इथं असती तर तिनं या घरात झाडू मारायला घेतला असता आणि मला म्हणाली असती, बघा, मी म्हणत न्हवते का, राहतं घर हाय. पण मी हिरव्या दाराकडं बघत नव्हतो. सगळं बघितलं, दार सोडून. दाराला पडदा होता आणि बाहेर रांग होती. एकेक माणूस आत जायचं, मग आतून आवाज यायचा, "कोण आलंय गं?" कधी लेकराचा, कधी बाप्या माणसाचा. बाहेर कुणीतरी बेल वाजवायचं, कुणीतरी लाल बटन दाबायचं, हसणं व्हायचं, आणि माणूस लाजत बाहेर यायचं. म्हणजे आत काय होतं ते मला कळून चुकलं होतं. आत काही नव्हतं.

"चला," मेव्हणी म्हणाली.

"आत कुणी न्हाई. लोकच आत जाऊन बोलायलेत."

"ते मला दिसायलंय. माझा एक डोळा अजून चांगला हाय."

"मग कशाला जायचं?"

"कावळ्याला तुम्ही म्हणालाव बघून येतो. हाय का न्हाई ते बघूनच कळतंय. बाहेरून सांगणार का?" आणि मला ढकललं. "जावा. मी इथं हाय."

पडद्याआड गेलो. खोली लहान, कोंदट असंल असं वाटलं होतं, तशी नव्हती. एक स्टूल, समोर माईक, छोटा पिवळा दिवा. आणि कोपऱ्यात टेबलफॅन, चालू. मी पहिल्यांदा तोच बघितला. जाळीला एक दोरा बांधला होता, वाऱ्यावर उडत होता.

स्टुलाजवळ एक पोरगी उभी होती, तिचं काम लोकांना माईक दाखवायचं. "या आजोबा, बसा. बेल वाजली की फक्त एवढंच म्हणायचं, कोण आलंय गं."

मी विचारलं, "हा पंखा तुमच्यासाठी हाय का आधीपासून हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मालिका चालू होती तेव्हा हितं बसणाऱ्या बाईला पंखा होता का?"

असला प्रश्न तिला कुणी विचारला नसणार. पण हसली नाही. म्हणाली, "होता. हा तोच आहे, सगळं सामान तिथूनच आलंय. आवाज माईकमध्ये येतो म्हणून बेल वाजायच्या आधी बंद करायचे आणि बोलून झालं की लावायचे. तो दोरा त्यासाठीच, चालू आहे का बंद ते अंधारात दिसावं म्हणून."

मी स्टुलावर बसलो.

"आणि बाई कोण होती?"

तिनं माझ्या मागच्या भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर फोटो होते, चौकटीतले, लहान. एक कपडे सांभाळणारी बाई, सुईदोरा खांद्याला टोचलेली. एक केस विंचरणारी. एक चहावाली, हातात किटली. एक जाडजूड गडी, दिवे लावणारा, मिशी असलेला. "सुरुवातीला आवाजासाठी एक आजी यायच्या," पोरगी सांगायला लागली, "मग त्यांना येणं होईना. मग त्या दिवशी सेटवर जो मोकळा असेल तो आत बसायचा. हे मामा पण बोललेत. बाहेर कुणाला कळलं नाही."

"आमच्या घरी कळलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"माझी बायको म्हणायची, आज म्हातारीला सर्दी झालीय. आज दुसरीच बोलली. मी म्हणायचो तुझे कान गेलेत."

पोरगी एकदम त्या मिशीवाल्याच्या फोटोकडं वळली. "सर्दी म्हणजे हेच मामा असणार," म्हणाली. आणि मग हसली, लई गोड. मीही हसलो. बायको गेल्यापासून तिच्या एखाद्या बोलण्याला मी हसलो, तो तेव्हा पहिल्यांदा. त्या सगळ्या फोटोंना मी उठून एकेक करून नमस्कार केला. तोंड बघायचं म्हणून आलो होतो, तर एका म्हातारीला एवढी तोंडं. कपडे सांभाळून, चहा वाटून, दिवे ओढून दमलेली माणसं जरा टेकायला म्हणून आत यायची, पंखा बंद करायची, आणि माझ्या आईसारखं विचारायची. त्यांना काय ठाऊक उमरीत कोण उत्तर देत होतं.

"आजोबा, बेल वाजणार आता," पोरगी म्हणाली आणि वाकून पंखा बंद केला. दोरा खाली लोंबला.

मी माईकजवळ तोंड नेलं. डबा मांडीवर होता. बाहेर चिमणी वाजली. पोरीनं हातानं खूण केली, बोला. पुन्हा चिमणी वाजली, या वेळी लांब, कुणीतरी बोट काढलंच नाही. असं बोट दाबून धरणारी माणसं थोडी असतात, आणि त्यातली एक बाहेर उभी होती.

"कोण आलंय गं?" मी म्हणालो.

माझाच आवाज मला म्हातारा वाटला. आता हसणं होणार म्हणून मी वाट बघत होतो. लाल बटन तिच्या हाताशीच होतं. हसणं झालं नाही. बाहेरचं घर गपगार होतं, आणि मग फळीच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"मी हाय आत्या. उठू नका."

दोघी बहिणींचा आवाज मिळताजुळता आहे हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला कान नाहीतच. पण फळीतून गाळून आला की तो एकच आवाज होता. मी तो आवाज जन्मभर बाहेरच्या अंगाला बसून ऐकला. आतून ऐकला नव्हता. माझी आई त्या आवाजावर का खूष असायची ते मला त्या स्टुलावर कळलं. माणूस पडून असतं, हलता येत नाही, आणि बाहेरून कुणी आपल्याला उठू नका म्हणतं, म्हणजे आपण उठू शकतो असं धरून चालतं.

पोरीनं पंखा लावला. दोरा उडायला लागला. ती मला बाहेर जा म्हणाली नाही, रांगेला थांबवून उभी राहिली. माझा चेहरा नीट झाल्यावर मी तिच्या हातात डबा दिला.

"हे म्हातारीचं हाय. आज हितं तू बसतीस, म्हणजे तुझंच. पण हितं उघडू नको, बाहेरच्या गड्याला मी शब्द दिलाय."

तिनं घेतला. नको म्हणाली नाही. "मी निलंग्याची," म्हणाली, "धपाट्याला नाही म्हणत नसते. थांबा जरा, डबा देते परत." ती मागच्या अंगाला गेली. आली तेव्हा डबा हलका झाला होता, पण आत काहीतरी वाजत होतं. "आई म्हणते रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आणि इथं दुसरं काही नाही." त्या घरातल्या डब्यातली मूठभर साखर तिनं कागदाच्या पुडीत बांधून आत टाकली होती.

बाहेर आलो तर मेव्हणी चपलांच्या ओळीत वाकून बसली होती. तोंड माझ्याकडं केलं नाही. "माझी एक चप्पल कुणीतरी नेली," म्हणाली. चप्पल तिच्या समोरच होती. मी तिच्या पायाजवळ सरकवली.

स्टँडवर चहा घेताना तिनं विचारलं, "मग? काय सांगणार अक्काला?"

"पंखा हाय म्हणून सांगतो."

"आणि म्हातारी?"

"बरी हाय."

"खोटं?"

"खोटं कसं. मी सोताच तिथं बसून आलो. बरा हाय की मी."

तिनं चहाचा घोट घेतला. बटन नसलं की तिला सुचत नाही. उदगीरची गाडी लागली, चढताना म्हणाली, "दाजी, धपाटे पातळ थापायचे. फडकं जास्त भिजवायचं. येते मी एकदा, दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साखर चिमूटभर घेतली आणि मागच्या भिंतीवर ठेवली. समोर लिंबावर दोन कावळे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. खोली कोरडी हाय. पंखा चालू हाय, दोरा बांधलेला हाय. सर्दी झालेला एक गडी होता, मिशीवाला, तुझे कान नीट होते. कावळे दुसरीकडंच बघत होते, त्यांचं काम उन्हाळ्यातच झालं होतं. मी वाट बघत उभा राहिलो. सून आतून म्हणाली, "कोणाशी बोलायलाव बाबा?"

भिंतीच्या भेगेतून मुंग्या आल्या. आधी एक, मग ओळ. माझ्या बायकोला त्यांची सवय होती, रोज सकाळी पिठाची चिमूट घालायची त्याच भेगेपाशी. मी पुडी पुन्हा उघडली आणि अजून थोडी साखर टाकली.